टॉवरच्या नोंदीचे लघुतम माप
मोबाईलच्या नोंदी, संगणक आणि गुन्ह्याचा तपास

‘मोबाईलच्या लोकेशनवरून आरोपी जाळ्यात’ अशा मथळ्याच्या बातम्या आता आपल्या अंगवळणी पडल्या आहेत. नववी-दहावीच्या मुलांना विचारून पाहा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असते. पोलीस संगणकासमोर बसले आहेत, पडद्यावर शहराचा नकाशा आहे आणि त्यावर एक लाल ठिपका हळूहळू सरकतो आहे. चित्रपटांनी हे चित्र पक्के केले आहे.

प्रत्यक्षात तपासी अंमलदाराच्या हाती बहुतेक वेळा असतो तो आकड्यांनी भरलेला एक भलामोठा तक्ता. त्यात ठिपका नसतो, नकाशा नसतो आणि बोललेले एक अक्षरही नसते. या तक्त्यापासून ‘अमुक माणूस अमुक वेळी अमुक जागी होता’ या वाक्यापर्यंत पोहोचायचे तर मध्ये अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. काही पायऱ्या संगणक झटपट चढून जातो, तर काही त्याला चढताच येत नाहीत. कोणती पायरी कुणाची, हे विसरले तर काय होते याचा धडा २०१९ साली डेन्मार्कने घेतला. त्याकडे आपण येऊच. आधी तो तक्ता समजून घेऊ.

नोंद ठेवली जाते ती बिलासाठी

टेलिफोन कंपनीला ग्राहकाकडून पैसे घ्यायचे असतात. त्यासाठी कुणी कुणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला याची नोंद तिला ठेवावीच लागते. हीच नोंद कॉल डिटेल रेकॉर्ड, थोडक्यात सीडीआर, म्हणून ओळखली जाते. तिचा जन्म हिशेबाच्या वहीत झाला, पोलीस ठाण्यात नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण जे साधन एका कामासाठी बनवले ते दुसऱ्या कामाला लावले की त्याच्या मर्यादाही सोबत येतात.

एका नोंदीत साधारणपणे पुढील गोष्टी असतात : फोन करणारा क्रमांक, समोरचा क्रमांक, तारीख, वेळ, बोलणे किती सेकंद चालले, फोन आलेला की केलेला (किंवा तो लघुसंदेश होता), सिमकार्डाचा क्रमांक, हँडसेटचा क्रमांक, आणि बोलणे सुरू होताना व संपताना फोन ज्या टॉवरच्या ज्या भागाशी जोडलेला होता त्याचा क्रमांक. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले. त्याआधी ही मुदत एक वर्षाची होती.

नोंदीत काय नसते हेही पाहू. संभाषण नसते. फोन नुसताच खिशात पडून असेल, ना कुणाचा फोन आला ना केला, तर त्या काळाची ओळही नसते. इंटरनेटवर चालणाऱ्या संदेश-सेवांतून केलेला फोन यात ‘फोन’ म्हणून दिसत नाही. त्यासाठी इंटरनेट वापराच्या वेगळ्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि त्यांतून इंटरनेट केव्हा आणि किती वापरले हे समजते.

सिम, हँडसेट आणि माणूस

या तक्त्यात दोन लांबलचक क्रमांक असतात. पहिला सिमकार्डाचा. त्याला आयएमएसआय म्हणतात. त्याचे पहिले तीन अंक देशाचे असतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ आहेत. दुसरा क्रमांक हँडसेटचा, म्हणजे आयएमईआय. तो १५ अंकी असतो. पहिल्या ८ अंकांवरून फोनचे मॉडेल कळते, पुढचे ६ अंक त्या मॉडेलमधील प्रत्येक फोनला वेगळे दिलेले असतात, आणि शेवटचा एक अंक पडताळणीसाठी असतो.

गुन्हेगार सिम बदलतो पण हँडसेट तोच ठेवतो, असे तपासात पुष्कळदा आढळते. सिमकार्ड स्वस्त, हँडसेट महाग! म्हणून एकाच आयएमईआयवर किती सिमकार्डे वापरली गेली याची यादी काढणे ही तपासातली पहिल्या काही पावलांपैकी एक असते.

इथे एक गंमत आहे. पडताळणीचा पंधरावा अंक फोन टॉवरला कळवत नाही. त्यामुळे कंपनीच्या नोंदीत त्या जागी पुष्कळदा शून्य छापलेले असते. फोनच्या खोक्यावर शेवटचा अंक ८ आणि तक्त्यात ०, हे पाहून नवखा माणूस म्हणेल की हे दोन वेगळे फोन आहेत. पंधराच्या पंधरा अंक जुळवणारा संगणकही तेच म्हणेल. खरे तर जुळवायचे असतात ते पहिले १४ अंक. आज्ञावली लिहिणाऱ्याला हे माहीत असले तर ठीक. नसले तर एक खरा दुवा हातचा जातो.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिम निराळे, हँडसेट निराळा आणि माणूस निराळा. घरातला फोन मुलगाही वापरतो, आईही वापरते. ‘क्रमांकाने फोन केला’ इतकेच नोंद सांगते. ‘माणसाने केला’ हे साक्षीदारांवरून, जप्त केलेल्या वस्तूंवरून, इतर पुराव्यांवरून सिद्ध करावे लागते.

संगणक कोणते काम करतो?

एका माणसाच्या सहा महिन्यांच्या नोंदी सहज पाच-दहा हजार ओळींच्या होतात. संशयित पाच-सहा असले तर हाताने काम करणे अशक्यच. इथे विश्लेषणाची संगणकप्रणाली उपयोगी पडते. अशा प्रणालींत इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९९० साली स्थापन झालेल्या आय-टू या कंपनीची ‘ॲनॅलिस्ट्स नोटबुक’ जगभरच्या पोलीस दलांत माहीत आहे. २०११ मध्ये ही कंपनी आयबीएमने घेतली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा दुसऱ्या मालकाकडे गेली. भारतातही अशा प्रणाली तयार झाल्या आहेत. नावे निराळी असली तरी कामाचे टप्पे सारखेच असतात.

पहिला टप्पा साफसफाईचा. एका कंपनीच्या तक्त्यात तारीख आधी, दुसरीच्या तक्त्यात क्रमांक आधी. कुणी क्रमांकामागे शून्य लावतो, कुणी ९१, कुणी काहीच नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? वेळ भारतीय की जागतिक प्रमाणवेळ? दोहोंत साडेपाच तासांचा फरक आहे. म्हणजे रात्री १० ची घटना दुपारी साडेचारची दिसू शकते. नेहमीच्या आकडेमोडीच्या तक्त्यांची आज्ञावली संख्येचे १५ च सार्थ अंक जपते. त्याहून लांब क्रमांक संख्या म्हणून भरला की पुढचे अंक निमूटपणे शून्य होतात. या सगळ्या कटकटीतून सर्व नोंदी एका साच्यात आणायच्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढची सारी इमारत यावरच उभी राहते.

दुसरा टप्पा मोजणीचा आणि लावणीचा. कोणत्या क्रमांकाशी सर्वांत जास्त बोलणे झाले? घटनेच्या आदल्या दिवशी कोणता नवा क्रमांक उगवला? घटनेनंतर कोणता एकदम गप्प झाला? रात्री शेवटचा आणि सकाळी पहिला फोन बहुधा कोणत्या टॉवरवरून होतो? यावरून राहण्याच्या परिसराचा अंदाज येतो.

तिसरा टप्पा नात्यांचा. प्रत्येक क्रमांक म्हणजे एक बिंदू, आणि दोन क्रमांकांत बोलणे झाले असेल तर त्यांना जोडणारी एक रेषा. अशी आकृती काढली की मधला माणूस, म्हणजे ज्याच्याकडे सगळ्या रेषा येतात तो, लगेच नजरेत भरतो. गणितात याला आलेख-सिद्धान्त म्हणतात.

चौथा टप्पा आपल्या शाळेतल्या संचांचा. घटनास्थळाजवळच्या टॉवरवर ठरावीक वेळात नोंदलेल्या सर्व क्रमांकांची यादी पोलीस मागवतात. त्यांच्या बोलीत हा ‘डम्प’. तीन ठिकाणी तीन चोऱ्या झाल्या तर तीन डम्प, म्हणजे तीन संच. त्यांचा छेद संच काढला की तिन्ही ठिकाणी हजर असलेले क्रमांक मिळतात. संगणकाला हे काही क्षणांचे काम आहे.

टॉवर म्हणजे पत्ता नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रयोगशाळेत आपण मुलांना पहिली गोष्ट कोणती शिकवतो? मोजपट्टीचे लघुतम माप. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने लांबी मोजून ती ४.३७२ सेंटिमीटर लिहिली तर आपण तांबड्या शाईने गोल करतो. पट्टी जेवढे सांगू शकते त्याहून जास्त तिच्या तोंडी घालायचे नाही, हा विज्ञानाचा साधा शिष्टाचार आहे. मग टॉवरच्या नोंदीचे लघुतम माप किती?

नेहमीच्या टॉवरवर तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२० अंशांचे क्षेत्र येते. त्याला सेक्टर म्हणतात. नोंदीत असतो तो या सेक्टरचा क्रमांक. त्याची पोहोच ३ किलोमीटर धरली तर क्षेत्रफळ किती? वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३.१४ × ९ ÷ ३, सुमारे ९.४ चौरस किलोमीटर, अर्थात ९४० हेक्टर! दाट वस्तीत पोहोच १ किलोमीटर असली तरी क्षेत्रफळ १ चौरस किलोमीटरहून थोडे जास्तच भरते, आणि मोकळ्या ग्रामीण भागात ती १० किलोमीटर असली तर सुमारे १०५ चौरस किलोमीटर. नोंद सांगते ती इतकीच की फोन या परिसरात कुठेतरी असावा.

‘असावा’ म्हणण्याचेही कारण आहे. शेजारच्या सेक्टरांची क्षेत्रे एकमेकांवर पसरलेली असतात. शिवाय फोन जवळचा टॉवर निवडत नाही, तो ज्याचे संकेत चांगले मिळतात तो टॉवर निवडतो. या दोन गोष्टी बहुधा एकच असतात, पण नेहमी नाही. घाटमाथ्याच्या कड्यावर उभे राहिले तर पाठीमागच्या टेकडीआडचा गावातला टॉवर गप्प असतो आणि खाली कोकणातला दूरचा टॉवर स्पष्ट ‘ऐकू’ येतो. पाण्यावरून लहरींना अडथळा नसतो. त्यामुळे खाडीच्या एका काठावरचा फोन पलीकडच्या काठावरचा टॉवर धरू शकतो. उंच इमारतीच्या विसाव्या मजल्यावर दूरचे टॉवर डोकावतात. जत्रेच्या गर्दीत जवळच्या टॉवरवर ताण आला की काही फोन शेजारच्या टॉवरकडे सोपवले जातात. माणूस जागेवर बसून राहिला तरी त्याच्या दोन फोनांच्या नोंदींत दोन वेगळे टॉवर येऊ शकतात. नुसत्या तक्त्यावरून पाहणारा म्हणेल, माणूस हलला!

टॉवरला फोनचे अंतर कळत नाही का? काही प्रमाणात कळते. दुसऱ्या पिढीच्या (जीएसएम) यंत्रणेत फोनचा संकेत पोहोचायला लागणारा वेळ ३.६९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांत मोजला जातो. लहरी एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात. जाऊन-येऊन अंतर सुमारे ११०७ मीटर, म्हणून एका टप्प्याला साधारण ५५० मीटर. असे ६३ टप्पे, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर ही त्या यंत्रणेची नेहमीची कमाल मर्यादा. पण हा आकडा यंत्रणा चालवण्यासाठी असतो; बिलासाठी त्याची गरज नसल्याने सीडीआरमध्ये तो सहसा येत नाही.

लघुतम माप विसरण्याची किंमत माणसाला मोजावी लागते. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात २००२ साली एका खुनाच्या आरोपावरून एका महिलेला पकडण्यात आले. तिच्या फोनच्या टॉवर-नोंदीवरून ती मृतदेह सापडलेल्या उद्यानातच होती हे अचूक दाखवता येईल, असे तिला सांगण्यात आले. तिच्या वकिलालाही ते खरे वाटले. खटल्यात टिकाव लागणार नाही या भीतीने तिने २००४ मध्ये गुन्हा कबूल केला. पुढे तज्ज्ञांनी दाखवून दिले की अशा एका नोंदीवरून इतक्या नेमकेपणाने जागा सांगताच येत नाही. २०१४ मध्ये न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली आणि ती सुटली. इथे संगणक चुकला नव्हता आणि नोंदही खोटी नव्हती. चूक झाली ती नोंदीचा अर्थ लावण्यात.

डेन्मार्कचा धडा

डेन्मार्कमध्ये मात्र प्रणालीच चुकली. तिथे टेलिफोन कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदींचे पोलिसांना वाचता येईल अशा तक्त्यांत आणि नकाशांत रूपांतर करणारी एक संगणकप्रणाली पोलीस वापरत होते. २०१९ च्या सुरुवातीला पोलिसांच्याच लक्षात आले की रूपांतर करताना ती काही नोंदी गाळते. म्हणजे आपण जिला साफसफाई म्हटले त्याच पहिल्या टप्प्यात ही चूक होती. गाळलेल्या ओळी कुणालाच दिसत नव्हत्या, कारण तक्ता नेहमीसारखाच नीटनेटका छापून येत होता.

ही चूक मार्चमध्ये दुरुस्त झाली. पण शोध घेताना आणखी चुका बाहेर आल्या. काही टॉवरांची ठिकाणेच चुकीची नोंदलेली होती. काही फोन एकाच वेळी अनेक टॉवरांशी जोडलेले दिसत, आणि त्यातले काही टॉवर एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर. लघुसंदेश कुठून पाठवला याच्या नोंदींतही गडबड होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या सरकारी अभियोग विभागाच्या प्रमुखांनी असा पुरावा न्यायालयात वापरण्यावर दोन महिने बंदी घातली. २०१२ पासूनची सुमारे १०,७०० प्रकरणे पुन्हा तपासण्याचे ठरले. सप्टेंबरपर्यंत कोठडीतील ३२ जणांना सोडावे लागले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, अशी चूक दोन्ही बाजूंना घातक असते. गाळलेली ओळ निरपराध माणसाच्या सुटकेचा आधार असू शकते, तशीच गुन्हेगाराविरुद्धचा दुवाही असू शकते. दोन, टॉवरच्या यादीचीही तपासणी लागते. कंपन्या टॉवर बदलतात, अँटेनाची तोंडे फिरवतात, क्रमांक नव्याने देतात. दोन वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी आजची यादी वापरली तर नकाशावरचा ठिपका सुबक दिसेल, पण भलत्याच गावात. म्हणून यादी घटनेच्या तारखेची हवी.

छेद संच आणि योगायोग

तीन डम्पांतून एकच क्रमांक सामाईक निघाला की ‘सापडला!’ असे वाटणे स्वाभाविक आहे. थोडे गणित करून पाहू. आकडे कल्पित आहेत. एका परिसरात ५०,००० फोन चालू आहेत. तीन रात्री, तीन ठिकाणी चोऱ्या झाल्या. प्रत्येक डम्पमध्ये २,००० क्रमांक आले. म्हणजे एखादा फोन एका डम्पमध्ये येण्याची शक्यता २,००० ÷ ५०,०००, अर्थात ०.०४. तिन्हींत येण्याची शक्यता ०.०४ × ०.०४ × ०.०४ = ०.००००६४. ५०,००० फोनांना हे लावले तर उत्तर येते ३.२. सारे फोन कसेही, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे फिरत असले तरी सुमारे तीन क्रमांक निव्वळ योगायोगाने तिन्ही याद्यांत सापडतील!

आणि माणसे तशी फिरत नाहीत. दुधाच्या टेम्पोचा चालक, एसटीचा वाहक, रात्रपाळीची परिचारिका ठरलेल्या रस्त्याने रोज जातात. तिन्ही चोऱ्या एकाच महामार्गाच्या आसपास असतील तर असे कष्टकरी लोक याद्यांत हमखास येणार. त्यांचा अपराध एवढाच की ते वेळेवर कामाला जातात.

यावरचा उपाय विज्ञानाच्या शिक्षकाला सांगावा लागणार नाही. नियंत्रित प्रयोग हवा. चोऱ्या झाल्या नाहीत अशा रात्रींची, त्याच टॉवरांची, त्याच वेळेची यादी मागवायची. ज्याचा क्रमांक त्या रात्रीही येतो तो बहुधा नेहमीचा प्रवासी. फक्त चोरीच्याच रात्री जो येतो त्याच्याकडे लक्ष द्यायचे. आणि लक्ष द्यायचे म्हणजे चौकशी करायची, निकाल लावायचा नव्हे. छेद संच तपासाची सुरुवात करून देतो. पुढचे काम पायांनी आणि डोळ्यांनीच करावे लागते.

न्यायालयाच्या दारात

संगणकातली नोंद बदलणे सोपे असते. मग न्यायालयाने तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? भारतीय पुरावा कायद्यात २००० साली ६५-ब हे कलम आले. संगणकीय नोंद सादर करताना ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली याचे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र असावे, अशी त्यात तरतूद होती. संसदेवरील २००१ च्या हल्ल्याच्या खटल्यात मोबाईलच्या नोंदी हा महत्त्वाचा पुरावा होता. २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रमाणपत्र नसतानाही त्या स्वीकारल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने ही भूमिका बदलून प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. खटला निवडणुकीचा आणि वाद चित्रफितींचा, पण त्याच निकालात मोबाईल कंपन्यांना आदेश दिला गेला की तपासात एखादी नोंद जप्त झाली तर त्या काळच्या संबंधित नोंदी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात. मूळ नोंदच नष्ट झाली तर आरोपीने तरी कशाशी ताडून पाहायचे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात आता ‘हॅश’ही नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे संपूर्ण फाईलवर ठरावीक गणिती क्रिया करून काढलेला तिचा अंगठ्याचा ठसा. फाईलमधील एक अंक बदलला तरी ठसा पार बदलतो. त्यामुळे कंपनीने दिलेली फाईल आणि न्यायालयात आलेली फाईल एकच आहे हे दाखवता येते. मात्र फाईल न बदलणे आणि फाईलमधील माहिती बरोबर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मुळातच चुकीचा तक्ता असला तरी त्याचा ठसा निर्दोष निघतो.

याला आणखी एक बाजू आहे. तुमच्या-आमच्या नोंदींवरून आपण कुठे झोपतो, कोणत्या डॉक्टरकडे जातो, कुणाशी रोज बोलतो हे सारे उलगडता येते. म्हणून २०१३ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या नोंदी मागवण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांपुरता ठेवण्याच्या सूचना दिल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तरीही २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा नोंदी बेकायदा मिळवून विकणारी टोळी पकडली आणि काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. डम्पमध्ये तर एका संशयितासाठी हजारो निरपराधांच्या नोंदी पोलिसांकडे येतात. काम संपल्यावर त्यांचे काय करायचे, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला जरूर चर्चेला घ्यावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. पडताळणीचा अंक. फोनवर *#०६# दाबल्यास आयएमईआय दिसतो. मुलांना खरे क्रमांक फळ्यावर लिहायला लावू नयेत. हा नमुना घ्यावा : ४९०१५४२०३२३७५१. हे १४ अंक आहेत. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा... अशा अंकांची दुप्पट करायची. दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवायचे. ९, १, ४, ०, २, ७, १ यांचे होतात ९, २, ८, ०, ४, ५, २, बेरीज ३०. उरलेले ४, ०, ५, २, ३, ३, ५, बेरीज २२. एकूण ५२. पुढचा दशक ६०, म्हणून पंधरावा अंक ८. आयबीएममधील अभियंते हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एखादा अंक चुकला तर ही पद्धत ते पकडते. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर प्रत्येक वेळी पकडते का? ०९ आणि ९० घेऊन मुलांना शोधू द्या.

२. शाळेचे टॉवर. मैदानाच्या नकाशावर चार ‘टॉवर’ मांडा. चार मुलांना तिथे उभे करून क्रमाक्रमाने एकेक टाळी वाजवायला सांगा. बाकीच्यांनी डोळे मिटून कोणती टाळी सर्वांत मोठी ऐकू आली ते लिहायचे. भिंतीआडच्या मुलांची उत्तरे जवळच्या टॉवरशी जुळतात का ते पाहा.

३. नोंदीवरून गोष्ट. दहा ओळींचा कल्पित सीडीआर द्या आणि त्यावरून निघणारी विधाने दोन रकान्यांत लिहायला सांगा : ‘नोंद सांगते’ आणि ‘आपण गृहीत धरले’. दुसरा रकाना किती लांबतो हे पाहून मुलांना आणि आपल्यालाही आश्चर्य वाटेल.

यातली काही मुले उद्या पोलीस होतील, काही वकील, काही अशी संगणकप्रणाली लिहिणारे अभियंते. कुणी एखादा कधी साक्षीदाराच्या किंवा आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा राहील. छापील तक्ता समोर आला की ‘याचे लघुतम माप किती?’ असे विचारण्याची सवय त्यांना प्रयोगशाळेत लागली असेल, तर ती तिथेही उपयोगी पडेल.